तोकुजीची चौदा पावलं

तर ती कोंबडी शेवटी तोकुजीच्या पोस्टाच्या पिशवीतूनच वर गेली, हे काल सांगायचं राहून गेलं. मान बाहेर, बाकी सगळी आत, पत्रांच्या शेजारी. वाटेत तिनं अंडं घातलं. वर पोचल्यावर तोकुजीनं आधी कोंबडी दिली, मग खिशात रुमालात गुंडाळून ठेवलेलं अंडं काढून दिलं. ती कोंबडी ज्याला पाठवली होती तो कोळसे पाडणारा म्हातारा म्हणाला, "अरे, अंडं ठेवायचंस तुला." तर हा म्हणतो, "पाठवणाऱ्यानं फक्त कोंबडी म्हणून सांगितलं होतं. पण पिशवीत जे जे आहे ते सगळं पत्त्यावर जायला हवं."

असा हा तोकुजी. आमच्या आइझूच्या डोंगरांत एक्केचाळीस वर्षं पोस्टमन होता, त्यातली पहिली बारा वर्षं वर नेझावाच्या वाडीला. उन्हाळ्यात रोज, हिवाळ्यात आठवड्यातून तीनदा, पायांना कांजिकी बांधून. फांदी गरम पाण्यात वाकवायची, तिचं कडं करायचं आणि ते बुटाखाली दोरीनं आवळायचं, की झाली कांजिकी. ती असली की माणूस बर्फात कमरेपर्यंत रुतत नाही, घोट्यापर्यंत रुततो. तोकुजी आपली स्वतः वाकवतो आणि आमचीही वाकवून देतो. वर ऐकवतो, "शिगे, तू ढुंगण टेकून उतरतोस, म्हणून तुझ्या दोऱ्या झिजतात." शिगे म्हणजे मी.

नेझावात तेरा घरं होती आणि तेराच्या तेरा होशी. आडनाव एकच. पाकिटावर नुसतं 'होशी, नेझावा' असं आलं की तोकुजीचं डोकं फिरायचं. "हा काय पत्ता झाला? जंगलात जाऊन 'अहो झाड' म्हणून हाक मारायची का मी?" पण घरांची जुनी नावं, माणसांची अक्षरं, कोणाची बहीण कुठं दिली आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात. एक्केचाळीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात पडलं नाही. हे तो स्वतः कधी सांगत नसे. मात्र दुसरं कोणी सांगू लागलं तर अडवतही नसे. नुसता चहाच्या कपात बघत राहायचा, कान तांबडे करून.

नेझावात तामेकाकू राहायच्या. नवरा लवकर गेलेला आणि मुलगी एकच, किनुए. ती आमच्या वर्गात होती. शाळा संपली त्या मार्चमध्ये, पंधराव्या वर्षी, ती कावासाकीच्या कारखान्यात गेली. तेव्हा आमच्यातली निम्मी पोरं तशीच गेली. तामेकाकूंना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे पुढे तोकुजी पोस्टात लागला तेव्हा किनुएचं पत्र नुसतं देऊन भागायचं नाही, ओट्यावर बसून वाचूनही दाखवावं लागायचं. काकू म्हणायच्या, "पुन्हा वाच." हा पुन्हा वाचायचा. मग त्या सांगायच्या आणि हा उत्तर लिहायचा. किनुए नंतर एकदा म्हणाली, "आईच्या पत्रांत हवामानाची माहिती फार असायची." तोकुजी म्हणाला, "काकू एवढंच सांगायच्या की ठीक आहे म्हणून लिही. पान रिकामं दिसायचं, म्हणून खाली बर्फाची उंची मी घालायचो."

तामेकाकू गेल्या, दोन वर्षांत वाडीही उठली. माणसं खाली आली, शहरांत गेली. वर राहिल्या त्या समाध्या. किनुए दर उन्हाळ्यात यायची. पण अकरा वर्षांपूर्वी दरड कोसळली, वरचा रस्ता गेला आणि त्या जागेवर अशी काटेरी झुडपं माजली की उन्हाळ्यात कोल्हाही जाईना. हिवाळ्यात मात्र बर्फ सगळं झाकून टाकतं आणि कांजिकी घालून वर जाता येतं. मार्चात पितरांचे सात दिवस येतात तेव्हा आमच्याकडे बर्फ हललेलंसुद्धा नसतं. आम्ही फावडी घेऊन जातो, बर्फाखालून समाधी खणून काढतो, उदबत्ती लावतो. किनुएचा नवरा आजारी, तिला येणं जमेना. तिनं तोकुजीला फोन केला. तोकुजी म्हणाला, "मी जातो."

तेव्हापासून दरवर्षी आम्ही तिघं जायचो. तोकुजी, मी आणि एइझो. एइझोचं साकेचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. त्यामुळे बाटली त्याच्याकडून, भाताचे मुटके माझ्याकडून. लाल चवळीच्या पुरणातले भाताचे लाडू तोकुजीची बायको करून द्यायची. संध्याकाळी तोकुजी कावासाकीला फोन लावायचा. "आईला भेटून आलो. लाडू ठेवले, उदबत्ती लावली. बर्फ आठ फूट."

यंदा किनुए स्वतः आली. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, वय शहात्तर, गुडघ्याला पट्टा. येत्या शरदात झुडपं तोडून माणसं वर जाणार आहेत आणि तिच्या आईच्या अस्थी कावासाकीला नेणार आहेत, घराजवळच्या देवळात. म्हणजे पितरांच्या दिवसांत डोंगरावर आईला भेटायची ही शेवटची खेप. "एकदा बर्फातून जायचंय मला," ती म्हणाली. "उचलून नेणार असाल तर येत नाही."

एइझो म्हणाला, "तुला उचलायला आहे कोण इथं? आम्हालाच उचलायला तीन माणसं लागतील."

सकाळी सहाला निघालो. रात्री गुडघाभर नवं बर्फ पडलं होतं, त्यामुळे पुढच्याला वाट तुडवावी लागणार होती. आमच्याकडची रीत अशी की पुढच्यानं दोनशे पावलं तुडवायची, मग बाजूला व्हायचं, सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं आणि शेपटाला लागायचं. तोकुजीनं किनुएला मधे ठेवलं आणि म्हणाला, "तुझी पाळी नाही."

"का? मी पाहुणी आहे?"

"तुझा गुडघा पाहुणा आहे."

"गुडघा माझ्याबरोबर आलाय. त्याची पाळी मी घेईन."

आणि घेतली की! दोनशे नाही, साठ पावलं. पण घेतली. वर धापा टाकत बोलतही होती. "मी गेले त्या सकाळी आई पुढे होती. खाली मोटारीच्या थांब्यापर्यंत सगळी वाट तिनं एकटीनं तुडवली. मी म्हटलं, आई, आता मी पुढे होते. ती म्हणाली, तुला तिकडे खूप तुडवायचंय, आज माझ्या मागं ये. अख्खी वाट मला नुसती तिची पाठ दिसत होती."

तेवढ्यात एइझोनं एका कांजिकीवर दुसरी ठेवली आणि तोंडावर आडवा झाला. तोकुजी वळूनही न बघता म्हणाला, "चव कशी आहे?"

"यंदा जरा आळणी आहे," बर्फातून आवाज आला.

सशाच्या घळीपाशी तोकुजी थांबला. वरच्या उतारावर बर्फाची कड बाहेर झुकलेली असते आणि दुपारच्या उन्हानं ती सुटते. त्याचा नियम आहे, एकच्या आत घळ ओलांडून परत आलंच पाहिजे. कोणी काही म्हणो. घड्याळ दाखवून त्यानं किनुएला बजावलं, "वरून साडेबाराला निघायचं. आई भेटली तरी आणि न भेटली तरी."

"भेटेल की," किनुए म्हणाली. "तू दरवर्षी भेटतोस."

दहाला वर पोचलो. वाडी म्हणून काही दिसत नाही. पांढरं सगळं, आणि कोपऱ्यात एक म्हातारा चेस्टनट वृक्ष, अर्धा गाडलेला. तोकुजी वृक्षाला पाठ लावून उभा राहिला, दरीकडे तोंड केलं आणि चालू लागला. चौदा पावलं. पोस्टात असताना त्यानं ती मोजून ठेवली होती, तामेकाकूंना पुरलं त्याच दिवशी. चौदाव्या पावलावर त्यानं बांबू खुपसला. खाली टक्‌ वाजलं.

"बघ," एइझो किनुएला म्हणाला. "ह्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही, पण हे सापडतं."

खणायला लागलो. एक जण आत, दोघं वर, अर्ध्या अर्ध्या तासानं बदल. चार फुटांवर दगडाचा माथा लागला, पाचावर आडनाव दिसलं. होशी. अकरा वर्षं आम्ही इथंच थांबत होतो. त्याखाली खणायला कोणाची कंबर राजी होती? माथ्यावर लाडू, पुढे उदबत्ती, साकेचा घोट दगडावर, उरलेला आमच्या पोटात.

पण किनुए म्हणाली, "बाजूला नाव कोरलंय ना आईचं? मला त्यावरून बोट फिरवायचंय."

आता ही मागणी काही मोठी नव्हती. खणलं आणखी दोन फूट. तोकुजी आत उतरला, हातमोजा काढून दगडाची बाजू पुसली, आणि तसाच राहिला. वाकलेला. मला वाटलं, पाठीत चमक भरली.

"काय रे?" मी वरून विचारलं.

तो हातानं पुन्हा पुन्हा दगड पुसत राहिला.

"तोकुजी! काय लिहिलंय?"

तो हळूच म्हणाला, "गोनरोकु."

आता गोनरोकुकाका कोण ते सांगायला हवं. तामेकाकूंचे शेजारी. त्यांच्या छपराचं बर्फ घसरून काकूंच्या वाटेवर पडायचं. काकू म्हणायच्या उचला, ते म्हणायचे माझ्या छपराची उतरण मी ठरवली नाही. या एका गोष्टीवर दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. गोनरोकुकाका वारले तेव्हाही काकूंनी त्यांच्या दारातून जाताना मान फिरवली होती, असं म्हणतात. आणि आम्ही अकरा वर्षं तामेकाकूंचे लाडू, तामेकाकूंची उदबत्ती, तामेकाकूंची साके नेऊन कोणाला देत होतो? तर गोनरोकुकाकांना!

एइझो खड्ड्याच्या काठावर मटकन बसला. "पावलं," तो म्हणाला. "अरे, चौदा पावलं तू बुटांनी मोजलीस. उन्हाळ्यात! कांजिकीत पाऊल आखूड पडतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

आणि खरंच, आम्ही तिघं जन्माचे बर्फातले. आमच्या तिघांच्या लक्षात अकरा वर्षं आलं नाही. तोकुजीची पावलं म्हणजे तोकुजीची पावलं, ती कोण तपासणार?

तोकुजी खड्ड्यात गुडघे टेकून बसला. टोपी काढली. त्याचं डोकं माझ्या पायांच्या खाली होतं, पांढरे केस घामानं चिकटलेले. दोन्ही हात बर्फावर ठेवून त्यानं कपाळ टेकलं.

"किनुए," तो म्हणाला, "मी तुला दरवर्षी फोनवर सांगितलं की आईला भेटून आलो. मी भेटलो नाही. अकरा वर्षं तिच्यापुढे कोणी आलं नाही. ती इथंच होती, दोन हातांवर, आणि मी शेजारच्या दारात सगळं टाकून परत जात होतो. मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही."

मी त्याला सत्तर वर्षं ओळखतो. वडील गेले तेव्हाही त्याचा आवाज असा झाला नव्हता. घड्याळात पावणेबारा झाले होते. किनुए खड्ड्याच्या काठावर उभी, हातात उदबत्तीचा पुडा. रडेल असं मला वाटलं. रागावेल असंही वाटलं, आणि तिला तो हक्क होता.

"लाडू पण?" तिनं विचारलं.

"लाडू पण," तोकुजी खालून म्हणाला.

"अकराही वर्षं?"

"एका वर्षी वादळ होतं, तेव्हा चार दिवस उशिरा आलो. पण आणले."

"आणि साके?"

"साके पण," एइझोनं कबुली दिली. "चांगली. बाटलीच्या तळाची नाही."

किनुएच्या तोंडातून एक आवाज निघाला. आधी मला कळेना, हुंदका की काय. मग कळलं, ती हसत होती. अशी हसत होती की गुडघ्याचा पट्टा धरून खाली बसली. "आई बघत असणार," ती म्हणाली. "दरवर्षी बघत असणार. हे आले, तोकुजी आला, लाडू आले, आणि गेले त्या मेल्याच्या पुढ्यात! आणि तो म्हातारा मुकाट्यानं खातोय! अरे देवा, नऊ वर्षं बोलली नाही ती त्याच्याशी, अकरा वर्षांत किती बोलली असेल!"

मग आम्हीही हसलो. तोकुजी हसला नाही. तो तसाच बसून होता. तेव्हा किनुए हसायची थांबली आणि काठावरून घसरत, सरळ ढुंगणावर, खड्ड्यात उतरली. त्याची टोपी उचलली, बर्फ झटकलं आणि त्याच्या डोक्यावर घातली.

"तोकुजी, ऐक. माझी पत्रं कोणी वाचून दाखवली?"

त्यानं टोपी कानांवर ओढली.

"आईला दोनदा कोणी वाचून दाखवली? बर्फाची उंची कोणी लिहिली? अकरा वर्षं या वयात हा डोंगर कोणासाठी चढलास? ते चुकीच्या पत्त्यावर गेलं नाही. ते मला पोचलं. दर मार्चात संध्याकाळी फोन वाजायचा आणि मला वाटायचं, आई एकटी नाही." मग तिनं माझ्याकडे वर बघितलं. "शिगे, तिथं उभा काय आहेस? फावडं दे."

तेवढ्यात एइझोच्या डोक्यात उजेड पडला. म्हणाला, "वरून कशाला खणायचं? गोनरोकुकाका सापडलेत म्हणजे शेजार सापडलाच की. आडवं खणू."

तोकुजी उठला. दगडाच्या कोपऱ्याला हात लावला, दरीकडच्या बाजूला दोन हात मोजले. यावेळी पावलं नाहीत, हात. आणि भिंतीत फावडं घातलं. वरचा थर कोसळू नये म्हणून मी आणि एइझो वरून तो कापून खाली सोडत होतो, तोकुजी आतून ओढत होता, किनुए छोट्या फावड्यानं पाठीमागे सारत होती. शहात्तर वर्षांची बाई! मी म्हटलं, दमली असशील, बस. ती म्हणाली, "मी कावासाकीला यंत्रावर उभी राहून सतरा वर्षं काढलीत. गप खण."

सव्वाबाराला दगड लागला. अख्खा उघडा करायला वेळ नव्हता, बाजूच तेवढी उघडली. तोकुजीनं हातमोजा काढला, बर्फ पुसलं. मग मोठ्यानं वाचलं, जसं ओट्यावर बसून पत्र वाचायचा तसं, एकेक अक्षर सुटं करून. "होशी, तामे."

"पुन्हा वाच," किनुए म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं.

तिनं बोट फिरवलं. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत, सावकाश. उदबत्ती बर्फाच्या भिंतीत खोचली. वारा नव्हता खाली, धूर सरळ वर गेला आणि खड्ड्याच्या तोंडाशी येऊन पसरला. लाडू ठेवले. मग तिनं आपणहून दोन लाडू उचलले आणि मागे वळून गोनरोकुकाकांच्या दगडावर ठेवले. "सवय लागली असेल तुम्हाला," म्हणाली. एइझोनं दोन्हीकडे साके ओतली, अगदी सारखी, डोळ्यासमोर धरून मापून. मी हात जोडले. काय मागायचं ते सुचलं नाही, कारण मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. ऊन होतं, चौघं होतो, सगळे आपापल्या पायांवर होतो.

बारा पस्तीसला निघालो. पाच मिनिटं उशीर झाला, त्याबद्दल तोकुजी घळीपर्यंत बडबडत होता, आणि मला बरं वाटलं, कारण तो बडबडत होता. पाऊणला घळ ओलांडली. मी मागे वळून बघितलं, कड अजून जागेवर होती.

खालच्या उतारावर सकाळी आम्हीच तुडवलेली वाट होती. तोकुजी पुढे, किनुए त्याच्या मागे, मग मी, शेवटी एइझो, मधूनमधून आडवा. थोडं सपाट लागलं तेव्हा किनुए म्हणाली, "तोकुजी, शरदात आईला मी घेऊन जाणार. मग पुढच्या मार्चात तुला सुट्टी. वर यायचं कारणच राहिलं नाही."

तोकुजी चालता चालता थांबला. वळला. कान तांबडे झाले होते, थंडीनं की कशानं कोण जाणे. तो म्हणाला:

"गोनरोकुकाका आहेत की. त्यांच्या मागं कोणी उरलेलं नाही, आणि अकरा वर्षं दुसऱ्याचे लाडू खाऊन त्या माणसानं एकदा तक्रार केली नाही. मी येणार. फक्त आता आधी नाव वाचीन, मग उदबत्तीसाठी काडी ओढीन."